वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं: हेली विकनहायझर आणि तिचं हॉकी

गेल्या अंकात कॅनडाच्या हेली विकनहायझरचं नाव एका ओळीत येऊन गेलं, महिला आइस हॉकीतली आजवरची सगळ्यात मोठी खेळाडू असं मी लिहिलं होतं, आणि त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर तिच्यासाठीच ठेवलंय. सगळी पत्रं घेता आली नाहीत, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही लिहिल्यावर मी नेटवर शोधलं तर नुसती पदकांची यादी मिळाली. ऑलिम्पिकची चार सुवर्ण, एक रौप्य वगैरे. पण ती इतकी मोठी का, ते काही कळलं नाही. नीट सांगाल का?

उत्तर: बरं झालं विचारलंस, कारण ती यादी वाचून खरंच काही कळत नाही. सुरुवात इथून कर की ती जन्मली 12 ऑगस्ट 1978ला, सॅस्कॅचवान प्रांतातल्या शॉनव्हन नावाच्या छोट्याशा गावात, आईवडील दोघं शिक्षक, आणि वडलांनी घरामागे पाणी ओतून बर्फाचं रिंक केलेलं. त्या भागात हिवाळा एवढा कडक की पाणी ओतलं की झालं, बर्फ आपोआप जमतो. पण गावात मुलींची टीम नव्हती त्यामुळे ती मुलांच्यातच खेळली, पुढे घर अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीला हललं तरी बराच काळ मुलांच्यातच. आणि एक गोष्ट लक्षात घे, ती लहान असताना ऑलिम्पिकमध्ये बायकांचं आइस हॉकी हा प्रकारच नव्हता! पहिली अधिकृत महिला विश्वस्पर्धा 1990ला ओटावात झाली, ऑलिम्पिकमध्ये घ्यायचा निर्णय 1992ला झाला आणि प्रत्यक्ष खेळ झाला 1998ला नागानोत. म्हणजे ही पोरगी ज्या खेळासाठी रोज बर्फावर उतरत होती त्यात पुढे जाऊन व्हायचं काय, याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

1991च्या कॅनडा विंटर गेम्समध्ये ती 12 वर्षांची होती, अल्बर्टाच्या 18 वर्षांखालच्या मुलींच्या टीममध्ये घेतली, आणि फायनलमधला विजयी गोल तिचा. 1994ला 15व्या वर्षी देशाच्या टीममध्ये, लेक प्लॅसिडला विश्वविजेतेपद. नंतर 2017च्या जानेवारीत निवृत्त होईपर्यंत कॅनडाकडून 276 मॅचेस, 168 गोल, 211 असिस्ट, म्हणजे दुसरीच्या गोलसाठी दिलेले पास. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. गोलपेक्षा असिस्ट जास्त आहेत. तिचा शॉट जबरदस्त होता, उंची 5 फूट 10 इंच, अंगात ताकद, मनात आणलं असतं तर प्रत्येक वेळी स्वतःच मारत सुटली असती, पण ती दोन डिफेंडर आपल्याकडे ओढून घ्यायची आणि मोकळ्या मैत्रिणीला पक, म्हणजे आइस हॉकीतली रबरी चकती, द्यायची. मला तिच्या खेळात हे सगळ्यात जास्त आवडतं.

एक मॅच सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. नागानोत फायनलला अमेरिकेने कॅनडाला 3-1 हरवलं होतं. चार वर्षांनी 2002ला सॉल्ट लेक सिटी, म्हणजे अमेरिकेतच, आणि ऑलिम्पिकच्या आधी त्या मोसमात या दोन टीम आठ वेळा खेळलेल्या, आठही वेळा कॅनडा हरलेली. फायनलमध्ये रेफ्रीने कॅनडाला लागोपाठ आठ पेनल्टी दिल्या. पेनल्टी म्हणजे खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसणार आणि टीम एक जण कमी घेऊन खेळणार, कबड्डीत गडी बाद झाल्यावर उरलेले कोर्ट कसं सांभाळतात, तसंच. असं लागोपाठ आठ वेळा, समोर जगातली सगळ्यात भारी टीम, स्टेडियम सगळं त्यांचं, आणि तरी कॅनडाने ती मॅच 3-2 जिंकली. एक गोल विकनहायझरचा, आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही तीच. त्या 60 मिनिटांत तिची टीम एकदाही विस्कटली नाही.

पुढे 2006ला ट्युरिनला पुन्हा सुवर्ण आणि पुन्हा सर्वोत्तम खेळाडू, पाच मॅचमध्ये गोल आणि असिस्ट मिळून 17 पॉइंट. 2010ला व्हँकुव्हरला, म्हणजे घरच्या ऑलिम्पिकमध्ये, कॅप्टन, आणि उद्घाटनाला सगळ्या खेळाडूंच्या वतीने शपथ तिनेच घेतली. 2014ला सोचीत कॅनडाचा झेंडा तिच्या हातात. मधे 2000ला सिडनीला उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉलही खेळून आली, ते वेगळंच!

सोचीची फायनल मिळाली तर पूर्ण बघ. साडेतीन मिनिटं उरलीत आणि कॅनडा 2-0 मागे. कॅनडाच्या ब्रिएन जेनरने एक गोल परत केला. मग कॅनडाने गोलकीपर बाहेर काढून एक जास्तीची खेळाडू आत घेतली, अमेरिकेने लांबून मारलेला पक त्या रिकाम्या गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला, दोन बोटं आत असता तर सगळं तिथेच संपलं होतं. मिनिटभरही उरलं नव्हतं तेव्हा मेरी-फिलिप पूलँने बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये विकनहायझर एकटी पक घेऊन पुढे सुटली, मागून आलेल्या अमेरिकेच्या हिलरी नाइटला पेनल्टी मिळाली, आणि त्या पेनल्टीवर पूलँने जिंकून देणारा गोल मारला. 35 वर्षांची होती तेव्हा विकनहायझर, आणि पायातलं हाड मोडलेलं असताना ती स्पर्धा खेळली, ऑपरेशन नंतर झालं.

प्रश्न: नमस्कार. वय 61, पुणे, आयुष्यभर मैदानी हॉकी बघितलेला माणूस. तुमच्या या बाई फिनलंडमध्ये पुरुषांच्या संघात खेळल्या असं वाचलं. स्पष्टच विचारतो, तो प्रसिद्धीचा प्रकार होता ना?

उत्तर: काका, नाही. आणि का नाही ते सांगते.

2002चं सुवर्ण मिळाल्यावर ती जगातली सर्वोत्तम होती पण तिला रोज तिच्या तोडीचं, किंवा तिच्याहून वरचढ कोणी खेळायला मिळत नव्हतं. तेव्हा महिलांची पगारी अशी लीगच नव्हती. मग सुधारणार कशी? तिने आधी इटलीत पुरुषांच्या खालच्या लीगमध्ये प्रयत्न केला, तिथल्या फेडरेशनने बाईला खेळता येणार नाही म्हणून दार बंद केलं. मग हेलसिंकीजवळच्या किर्कोनुमी गावच्या सलामात क्लबने घेतलं, 2003चा जानेवारी. पुरुषांच्या हॉकीत अंगावर धडक मारणं नियमात बसतं, महिलांच्यात तेव्हा बसत नव्हतं, म्हणजे जो मार खायची सवयच नाही तो रोज खायचा, परका देश, परकी भाषा, घरी लहान मुलगा. आणि तिने तिथे गोल मारला. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत गोल करणारी पहिली बाई म्हणून तिची नोंद आहे. पुढच्या मोसमात टीम वरच्या डिव्हिजनला गेली, तिथे वेग आणि ताकद दोन्ही वाढली, तिला बर्फावर वेळ कमी मिळायला लागला आणि काही मॅचेसनंतर ती परत आली.

ते परत येणंच काही लोक पकडून बसतात की बघा, जमलं नाही. मला तसं वाटत नाही काका. नुसती प्रसिद्धी हवी असती तर एक मॅच खेळून फोटो काढून घरी गेली असती. ती गेली ती शिकायला, आणि 2008ला परत स्वीडनमध्ये पुरुषांच्या तिसऱ्या डिव्हिजनला एस्किल्सतुनाच्या टीमकडून खेळायला गेली. तुम्ही मैदानी हॉकी बघितलंय, तुम्हाला माहितीये की आपल्याहून जोरात पळणाऱ्याबरोबर रोज पळल्याशिवाय पाय सुटत नाहीत. तिला ते बायकांच्या हॉकीत मिळत नव्हतं म्हणून तिने जिथे मिळेल तिथून घेतलं.

प्रश्न: आम्ही कॅनडात मिसिसागाला असतो, मूळचे सोलापूरचे. मुलगी 11 वर्षांची, मुलांच्या टीममध्ये खेळते आणि छान खेळते. आता काही पालक म्हणतात तिला मुलींच्यात टाका. विकनहायझर तर मुलांच्यातच खेळली. काय करावं ताई?

उत्तर: आधी हे सांगते की तुमची मुलगी त्या टीममध्ये आहे हा कोणाचा उपकार नाही. तुमच्याच ओंटारिओत जस्टिन ब्लेनी नावाच्या मुलीने 80च्या दशकात त्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडण केलं, तिची मुलांच्या टीममध्ये निवड झालेली असताना मुलगी म्हणून खेळू देत नव्हते, आणि 1987 संपेपर्यंत ती ते भांडण जिंकली. त्यामुळे कोणी पालक दबाव टाकत असतील तर तो बिलकुल ऐकायचा नाही.

पण विकनहायझर मुलांच्यात खेळली ते तिच्यापुढे दुसरं काही नव्हतं म्हणून, हे विसरू नका. तुमच्या मुलीपुढे आहे. आज ओंटारिओत मुलींच्या टीम भरपूर आहेत आणि चांगल्या आहेत. 13-14च्या गटापासून मुलांच्या स्पर्धात्मक हॉकीत बॉडी चेकिंग, म्हणजे अंगावर धडक मारणं, सुरू होतं, तेव्हा हा प्रश्न परत येईलच, तोपर्यंत दोन वर्षं आहेत. माझं मत विचाराल तर दोन गोष्टी बघा, तिला मॅचमध्ये बर्फावर वेळ किती मिळतोय आणि ड्रेसिंग रूममधून बाहेर येताना तिचा चेहरा कसा असतो. वेळ मिळतोय आणि पोरगी खुश आहे तर हलवू नका. बेंचवर बसवून ठेवत असतील किंवा तिथे एकटी पडत असेल तर मुलींच्या टीममध्ये न्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि निर्णय तिला विचारून घ्या हो, 11 वर्षांची मुलगी एवढं नक्की सांगू शकते.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं छापलं नाही पण वाचलं. स्केट्स आणि पॅड वापरलेले घ्या, तिकडे सगळेच घेतात, हेल्मेट मात्र नवं.

प्रश्न: व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये कॅनडाने स्लोव्हाकियाला 18-0 हरवलं. दोनच देश खेळतात आणि बाकीचे मार खातात. याला स्पर्धा म्हणायचं? (सांगली)

उत्तर: हा प्रश्न तेव्हा ऑलिम्पिक कमिटीचे अध्यक्ष जॅक रॉग यांनीही काढला होता, सुधारणा झाली नाही तर महिला हॉकी ऑलिम्पिकमध्ये ठेवता येणार नाही अशा अर्थाचं ते बोलले आणि फार मोठी खळबळ झाली.

पण एक जुनी गोष्ट सांगते. 1924ला शॅमोनीत पुरुषांच्या हॉकीत कॅनडाने चेकोस्लोव्हाकियाला 30-0 हरवलं, स्वीडनला 22-0, स्वित्झर्लंडला 33-0. पुरुषांचं हॉकी कोणी बंद केलं नाही. त्यांना वेळ दिला, पैसा दिला, आणि आज स्वीडन, फिनलंड, चेक सगळे ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन बसलेत. मग बायकांना 12 वर्षांत हिशोब का मागायचा? आणि अगदी मारच खातात असंही नाही, 2006ला स्वीडनने सेमीफायनलला अमेरिकेला हरवलं, 2019च्या विश्वस्पर्धेत फिनलंडने कॅनडाला सेमीफायनलला हरवलं आणि फायनलमध्ये अमेरिकेला शूटआउटपर्यंत नेलं.

विकनहायझरने यावर नुसती चर्चा केली नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. तिने मुलींसाठी स्वतःचा हॉकी फेस्टिव्हल सुरू केला, विकफेस्ट, त्यात लहान मुलींपासून परदेशी टीमपर्यंत सगळ्या येतात, मॅचेस होतात, शिबिरं होतात. दरी आहे हे ती नाकारत नव्हती, ती भरायला लागली.

प्रश्न: ती डॉक्टर झाली हे खरं का? मी 31 वर्षांची, नर्सिंग करते, मुलगी आहे, पुढे शिकायची इच्छा आहे. सगळे म्हणतात वय गेलं. (लातूर)

उत्तर: खरं आहे ताई. खेळत असतानाच तिने कॅलगरी विद्यापीठात कायनेसिऑलॉजी केलं, म्हणजे शरीराच्या हालचालींचा अभ्यास, आणि विद्यापीठाच्या टीमकडूनही खेळली, ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलेली बाई कॉलेजच्या पोरींबरोबर बसमधून मॅचला जायची. मग मास्टर्स. मग निवृत्तीनंतर मेडिकल कॉलेज, आणि 2021ला एम.डी., तेव्हा वय 42. त्याच काळात टोरांटो मेपल लीफ्स या एनएचएलमधल्या, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या पुरुषांच्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या, टीममध्ये खेळाडू घडवायच्या विभागात 2018पासून नोकरी, आणि 2022ला तिथेच असिस्टंट जनरल मॅनेजर.

2020चा मार्च आठवा. ती तेव्हा मेडिकलची विद्यार्थिनी, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागांत शिकत होती, आणि ऑलिम्पिक कमिटीच्या खेळाडू आयोगावर निवडून गेलेली सदस्यही होती. कमिटी म्हणत होती टोकियो ऑलिम्पिक ठरल्यावेळीच होणार. ही आतली माणूस असून तिने जाहीर लिहिलं की असा हट्ट धरणं असंवेदनशील आणि बेजबाबदार आहे. आठवडाभरात ऑलिम्पिक पुढे ढकललं गेलं. सगळं तिच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, पण तेव्हा तोंड उघडायला धैर्य लागत होतं. त्यानंतर मास्क आणि ग्लोव्ह्ज गोळा करून दवाखान्यांपर्यंत पोचवायच्या कामातही ती होती.

तुम्हाला एवढंच सांगते की तिच्यामागे नाव होतं, तुमच्यामागे नाही, त्यामुळे तुमची वाट जास्त अवघड आहे हे मी लपवणार नाही. पण 31 हे वय गेलेलं नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची चौकशी या आठवड्यात करा, नोकरी करताना रजा कशी मिळते ते तुमच्याच दवाखान्यात आधी शिकून आलेल्या सिस्टरला विचारा, त्यांना सगळे खाचखळगे माहीत असतात.

प्रश्न: महिला हॉकीत आता पैसे मिळतात का? (औरंगाबादहून एक विद्यार्थी)

उत्तर: मिळायला लागलेत. कॅनडात 2007 ते 2019 एक लीग चालली, त्यात जवळजवळ दहा वर्षं खेळाडूंना पगारच नव्हता, दिवसा नोकरी आणि रात्री हॉकी. आता 1 जानेवारी 2024पासून पीडब्ल्यूएचएल नावाची लीग सुरू झालीये, सहा टीमनी सुरुवात, पहिल्या मोसमात कमीत कमी पगार 35 हजार अमेरिकन डॉलर. एनएचएलच्या मानाने काहीच नाही, पण पगार आहे. त्याच वर्षी एप्रिलला मॉन्ट्रियलमध्ये मॉन्ट्रियल विरुद्ध टोरांटो मॅचला 21,105 लोक आले. विकनहायझरला खेळाडू म्हणून यातलं काही मिळालं नाही, सात वर्षं आधीच ती निवृत्त झाली होती, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, माझी मुलगी 9 वर्षांची, ठाण्यात रोलर स्केटिंगला जाते. तिला आइस हॉकीचं वेड लागलंय. भारतात मुलींची टीम आहे तरी का?

उत्तर: आहे आणि तिची गोष्ट फार सुंदर आहे. टीम 2016ला पहिल्यांदा परदेशात खेळली, तैपेईला, आशियाई चॅलेंज कप. बहुतेक मुली लडाखच्या. तिथे तळी गोठतात तेवढे दोनेक महिने सराव, कोणाकडे जुने स्केट्स, कोणाकडे भावाचे, पैसे लोकांकडून गोळा केलेले. त्या वर्षी सगळ्या मॅच हरल्या. पुढच्या वर्षी 2017ला बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 हरवलं, पहिला विजय.

आणि आता बघा, 2018च्या जानेवारीत विकनहायझर स्वतः लडाखला गेली, तिथल्या मुलींबरोबर गोठलेल्या बर्फावर खेळली, शिकवलं, आणि त्याच वर्षी हिवाळ्यात भारताची टीम कॅलगरीला विकफेस्टमध्ये खेळायला गेली. ज्या मुलींनी तळ्यावर हॉकी शिकलं त्या तिच्या गावात, तिच्या पाहुण्या म्हणून. 2025ला यूएईत अल ऐनला झालेल्या महिला आशिया कपमध्ये भारताने कांस्य मिळवलं. हॉकी हॉल ऑफ फेमने 2019ला विकनहायझरला घेतलं, तिथे जाणारी ती सातवी बाई, पण मला विचाराल तर तिच्या कामाचं मोजमाप करताना लेहची ती भेट मी वर ठेवेन.

तुमच्या मुलीसाठी सांगायचं तर रोलर चालू ठेवा, जमलं तर इनलाइन स्केट्सवर आणा कारण तोल आणि ढकलायची पद्धत बर्फाच्या जवळ जाते, आणि रोलर हॉकी शिकवणारा क्लब जवळपास असेल तर तिथे घाला, स्टिक हातात यायला पाहिजे. आपल्याकडे मॉलमधली बर्फाची रिंक्स छोटी असतात पण पहिल्यांदा पडायला आणि उठायला पुरतात. महाराष्ट्राच्या मुलामुलींनी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धेत आइस स्केटिंगची पदकं आणलीत, म्हणजे रोलरवरून बर्फावर जाता येतं हे सिद्ध झालेलं आहे. मोठं रिंक हवं तर डेहराडूनचं आता परत सुरू झालंय. सुट्टीत एकदा घेऊन जा, आणि स्केट्स लगेच विकत घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतात का ते आधी फोन करून विचारा, या वयात पाय वर्षाला एक नंबर वाढतो.